संत फ्रान्सिस्का झेवियर कॅब्रिनी : अनाथांसाठी सातासमुद्रापार

परदेशी जाऊन अनाथ बालकांची सेवा करावी, अशी प्रेरणा अनेक ख्रिस्ती तरुण-तरुणींच्या अंतःकरणात जागते. ही प्रेरणा परमेश्वराची देणगी होय. परंतु ती फलद्रूप होण्यासाठी दीर्घ तयारी लागते. ती तयारी कशी असते, हे स्थलांतरितांच्या आश्रयदात्या संत फ्रान्सिस्का झेवियर कॅब्रिनी यांच्या चरित्रातून उमगते.

फ्रान्सिस्का यांचा जन्म १५ जुलै १८५० रोजी इटलीतील लोम्बार्डी प्रांतात, सान्तान्जेलो लोदिजानो या गावी, एका श्रद्धावान शेतकरी कुटुंबात झाला. त्या घरातील शेंडेफळ होत्या आणि जन्मतःच अतिशय अशक्त होत्या. वडील संध्याकाळी मुलांना मिशनऱ्यांच्या कथा वाचून दाखवीत. त्या ऐकून लहानगी फ्रान्सिस्का कागदाच्या होड्या करी, त्यांत रानफुले ठेवी आणि ती फुले म्हणजे चीनला निघालेले मिशनरी आहेत असे मानून होड्या पाण्यात सोडी. एकदा ती स्वतःच पाण्यात पडली. तेव्हापासून पाण्याची भीती तिच्या मनात कायमची बसली.

पुढे त्या शिक्षिका झाल्या. १८७० मध्ये आईवडिलांचे छत्र हरपले. देवीच्या रुग्णांची शुश्रूषा करताना त्यांना स्वतःलाही देवीची लागण झाली. संन्यस्त जीवनाची ओढ तीव्र होती. परंतु प्रकृती नाजूक असल्याने धर्मसंघात प्रवेश मिळाला नाही. या नकाराने त्या खचल्या नाहीत वा कोणावर रुष्टही झाल्या नाहीत. समोर आलेले काम त्या निष्ठेने करीत राहिल्या.

१८७४ मध्ये धर्मगुरू आन्तोनियो सेर्राती यांनी त्यांना कोदोन्यो येथील एका अनाथालयात साहाय्यासाठी पाठविले. तेथील कारभार विस्कळीत होता. थोड्या दिवसांसाठी म्हणून त्या गेल्या आणि सहा वर्षे राहिल्या. वरिष्ठांचा रोष, अपमान आणि अपुरी साधने यांना तोंड देत त्यांनी मुलींना शिक्षण, शिवणकाम व प्रार्थना शिकविली. तेथेच १८७७ मध्ये त्यांनी व्रते घेतली. ते अनाथालय १८८० मध्ये बंद झाले तेव्हा लोदीच्या बिशपांनी त्यांना नवा मिशनरी संघ स्थापण्यास सांगितले. त्याच वर्षी १४ नोव्हेंबर रोजी येशूच्या पवित्र हृदयाच्या मिशनरी भगिनींचा संघ स्थापन झाला. अनाथालयातील काही मुलीच त्यांच्या पहिल्या सहकारी झाल्या.

त्यांनी झेवियर हे नाव धारण केले ते पूर्वेचे प्रेषित संत फ्रान्सिस झेवियर यांच्यावरील भक्तीमुळे. ज्या संताचे पवित्र अवशेष आपल्या जुन्या गोव्यात विसावले आहेत, त्याच्याप्रमाणेच पूर्वेकडे, चीनमध्ये जाण्याची त्यांची मनीषा होती. परंतु त्या काळी हजारो गरीब इटालियन कुटुंबे अमेरिकेत जाऊन हालअपेष्टा भोगीत होती. त्यांच्यासाठी पियाचेन्झाचे बिशप स्कालाब्रिनी यांनी साहाय्य मागितले. अखेर पोप लिओ तेरावे यांनी फ्रान्सिस्का यांना पूर्वेकडे न जाता पश्चिमेकडे जाण्याची आज्ञा केली. बालपणापासून जपलेले स्वप्न त्यांनी आज्ञाधारकपणे प्रभुचरणी अर्पण केले.

३१ मार्च १८८९ रोजी त्या सहा भगिनींसह न्यूयॉर्कला पोहोचल्या. तेथे त्यांच्यासाठी घरच तयार नव्हते. नियोजित अनाथालयाविषयी आर्चबिशप कॉरिगन आणि दानशूर काउंटेस चेस्नोला यांच्यात मतभेद झाले होते. आर्चबिशपांनी त्यांना इटलीला परत जाण्याचा सल्ला दिला. पोप महोदयांनी आपणास पाठविले आहे, तेव्हा आपण येथेच राहणार, असे त्यांनी नम्रपणे पण ठामपणे सांगितले. त्याच वर्षी तेथे इटालियन अनाथ मुलींसाठी घर सुरू झाले. त्यासाठी त्या व त्यांच्या भगिनी दारोदार फिरून मदत गोळा करीत. अडलेल्या कामात धीर न सोडणे, थोडक्यात भागविणे आणि दुखावलेल्या बालकाला आपलेसे करणे, हे सारे धडे त्यांनी कोदोन्योत गिरविलेले होते.

पाण्याची भीती मनात असतानाही त्यांनी अटलांटिक महासागर वीसहून अधिक वेळा ओलांडला. युरोप आणि उत्तर, मध्य व दक्षिण अमेरिकेत त्यांनी ६७ संस्था उभ्या केल्या. त्यांत शाळा, रुग्णालये आणि अनाथालये होती. १९०९ मध्ये त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व स्वीकारले. २२ डिसेंबर १९१७ रोजी शिकागो येथे त्यांचे निधन झाले. आदल्या दिवशीही त्या मुलांसाठी नाताळचा खाऊ तयार करण्यात मग्न होत्या. ७ जुलै १९४६ रोजी पोप पायस बारावे यांनी त्यांना संतपद बहाल केले. हा मान मिळविणाऱ्या त्या अमेरिकेच्या पहिल्या नागरिक ठरल्या.

दूरदेशीच्या सेवेसाठी निघू इच्छिणाऱ्यांनी या चरित्राचे मनन करावे. प्रवासाची सामग्री अल्पावधीत जमविता येते, पण सेवकाचे अंतःकरण घडण्यास वर्षे लागतात. आपल्या गावातील बालकाश्रमात नित्यनेमाने जाणे, नकार शांतपणे स्वीकारणे, ज्येष्ठांचे मार्गदर्शन घेणे आणि आपल्या आवडीपेक्षा बालकांची गरज मोठी मानणे, ही खरी पूर्वतयारी होय. संत फ्रान्सिस्का कॅब्रिनी, आम्हांसाठी विनंती कर.