रेचेल कार्सन : शेतमजुरांच्या विषबाधेची नोंद घेणारी शास्त्रज्ञ

कीटकनाशकांचा विषय निघाला, की रेचेल कार्सन यांचे नाव प्रामुख्याने पक्ष्यांच्या ऱ्हासाशी जोडले जाते. शेतात राबणाऱ्या मजुरांच्या देहात भिनणाऱ्या विषाची नोंदही या विदुषीने तितक्याच काटेकोरपणे केली होती, याचा मात्र अनेकदा विसर पडतो.

कार्सन यांचा जन्म २७ मे १९०७ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात स्प्रिंगडेल येथे झाला. साहित्याच्या ओढीने महाविद्यालयात गेलेल्या कार्सन तेथे जीवशास्त्राकडे वळल्या. १९३२ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून त्यांनी प्राणिशास्त्रातील पदव्युत्तर पदवी मिळवली. सरकारच्या मत्स्यव्यवसाय विभागात नोकरी करीत त्यांनी सागरी जीवसृष्टीवर लेखन केले. १९५१ मधील 'द सी अराउंड अस' या ग्रंथाने त्यांना कीर्ती व आर्थिक स्थैर्य दिले. पुढच्याच वर्षी त्यांनी नोकरी सोडली.

१९५८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील एका मैत्रिणीने, विमानातून डीडीटीची फवारणी झाल्यावर पक्षी मेल्याचे त्यांना कळवले. त्यानंतरच्या चार वर्षांच्या अभ्यासातून 'सायलेंट स्प्रिंग' हा ग्रंथ सप्टेंबर १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. कॅलिफोर्नियातील एका संत्राबागेची हकिकत त्यात आहे. पॅराथिऑन फवारून अडीच आठवडे उलटले होते. तरीही फळे तोडणाऱ्या ३० मजुरांपैकी ११ जणांना तीव्र विषबाधा झाली आणि त्यांतील १० जणांना रुग्णालयात न्यावे लागले. पॅराथिऑन हे ऑर्गनोफॉस्फेट वर्गातील विष. मज्जातंतूंचा संदेश थांबवणारे शरीरातील विकर ते निकामी करते. मग घाम व लाळ सुटते, दृष्टी अंधुक होते, स्नायू थरथरतात आणि अखेर श्वास कोंडतो. हे विष कातडीतूनही शरीरात शिरते, हेही कार्सन यांनी सामान्य वाचकाला समजेल अशा भाषेत सांगितले.

रसायन उद्योगाने त्यांच्यावर टीकेची झोड उठवली. त्या वेळी त्या स्तनाच्या कर्करोगाशी झुंजत होत्या. परंतु आजाराची वाच्यता त्यांनी होऊ दिली नाही. मे १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार समितीच्या अहवालाने त्यांच्या प्रतिपादनाला बळ दिले. पुढच्याच महिन्यात त्यांनी सिनेटच्या उपसमितीपुढे साक्ष दिली. १४ एप्रिल १९६४ रोजी, वयाच्या ५६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

अमेरिकेत १९७२ मध्ये शेतीतील डीडीटीच्या वापरावर बंदी आली. मात्र त्याची जागा बऱ्याच अंशी ऑर्गनोफॉस्फेट द्रव्यांनी घेतली. ती निसर्गात तुलनेने लवकर विघटित होत असली, तरी फवारणाऱ्याच्या जिवाला अधिक घातक ठरली. पक्ष्यांना दिलासा मिळाला. मजुरावरचे संकट उलट वाढले. कार्सन यांनी दोन्ही धोक्यांचा इशारा दिला होता. जगाने त्यातला एकच नीट ऐकला. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, तेव्हा त्या न ऐकलेल्या इशाऱ्याची किंमत आपल्याही शिवारात मोजली गेली.