लिलीचा चित्रकार : पिएर-जोसेफ रेदुते



संत जोसेफ यांच्या पुतळ्याच्या हातात पांढरी लिली असते. लहानपणापासून आपण ती पाहत आलो आहोत. पण लिलीला पाकळ्या किती आणि पुंकेसर किती, असे कोणी विचारले तर चटकन उत्तर देता येईल का? आम्हांलाही परवापर्यंत देता आले नसते. आयुष्यभर हेच पाहत आणि मोजत राहिलेल्या दुसऱ्या एका जोसेफची आज ओळख करून घेऊ या.

पिएर-जोसेफ रेदुते यांचा जन्म १० जुलै १७५९ रोजी सेंट-ह्यूबर्ट या गावी झाला. हे गाव आज बेल्जियममध्ये आहे. आजोबा चित्रकार, वडीलही चित्रकार. गावात बेनेडिक्टाईन संन्याशांचा मोठा मठ होता आणि वडील त्या मठासाठी काम करीत. वयाच्या तेराव्या वर्षी रेदुते घराबाहेर पडले. फ्लँडर्स आणि हॉलंडमध्ये गावोगाव फिरत त्यांनी रंगकामाचे मिळेल ते काम केले.

१७८२ मध्ये ते पॅरिसला थोरल्या भावाकडे आले. भाऊ नाटकाचे पडदे रंगवीत असे, हेही त्याच कामाला लागले. मोकळ्या वेळेत ते राजाच्या बागेत जाऊन रोपांची चित्रे काढीत. तेथे लेरितिये नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञाची नजर त्यांच्यावर पडली. फूल उलगडून आत पाहायला त्यांनीच रेदुतेंना शिकवले. पुंकेसर किती, अंडाशय कोठे, पान देठाला कसे जोडलेले, हे सारे नीट पाहायचे आणि मगच ब्रश हातात घ्यायचा.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना एक प्रश्न आम्हांला फार छळत असे. समोर असतो तो हा एकच गुलाब, पण आपण बोलतो ते सगळ्या गुलाबांविषयी. हे कसे जमते? वनस्पतींच्या चित्रकाराला हा प्रश्न रोज सोडवावा लागतो. समोरच्या रोपाचे एखादे पान किडीने खाल्लेले असते, एखादी कळी वाकडी असते. ते वगळून त्या जातीची खरी खूण ओळखायची, पण पदरचे काही घालायचे नाही. सुंदर दिसावी म्हणून पाकळी वाढवली, तर चित्र खोटे ठरते. जुन्या काळी नोंदवलेल्या काही वनस्पतींचा मूळ नमुना आज शिल्लक नाही. तेथे शास्त्रज्ञ चित्रच प्रमाण मानतात.

रेदुते राणी मारी आंत्वानेत हिचे चित्रकार झाले. १७८९ मध्ये क्रांती झाली. १७९३ मध्ये राणीचा शिरच्छेद झाला. रेदुतेंच्या गावचा मठही त्या लाटेत बंद पडला. पुढे नेपोलियनची पत्नी जोसेफिन हिच्या मालमेझों येथील बागेतली फुले त्यांनी रंगवली. राजेशाही परत आली तेव्हाही त्यांचे काम चालूच होते. हे वाचून आम्हांला आधी खटकले. माणसे मरत असताना हा मनुष्य पाकळ्या मोजत होता? येईल त्या धन्याला मुजरा करीत होता? हा आक्षेप पूर्णपणे पुसता येत नाही. पण धनी बदलले तरी फुलाविषयीची त्यांची साक्ष बदलली नाही, हेही तितकेच खरे.

लिली आणि तिच्यासारख्या वनस्पतींवरचा त्यांचा आठ खंडांचा ग्रंथ १८०२ ते १८१६ या काळात निघाला. त्यात ४८६ चित्रे आहेत. या वनस्पती निवडण्याला कारण होते. त्यांची मांसल पानेफुले दाबून वाळवली की आकार आणि रंग दोन्ही जातात. जतन करायला चित्रच हवे. १८१७ ते १८२४ या काळात गुलाबांवरचा प्रसिद्ध ग्रंथ निघाला. त्याची छपाईही चिकाटीची होती. तांब्याच्या पत्र्यावर बारीक ठिपके कोरायचे, कापडाच्या बोळ्याने त्यात निरनिराळे रंग भरायचे, एक प्रत काढायची आणि पुढच्या प्रतीसाठी पुन्हा रंग भरायचे. शेवटी प्रतीवर ब्रशने हात फिरवायचा. म्हणून त्या पाकळ्या इतक्या मऊ दिसतात.

एवढी कीर्ती मिळूनही हिशेब मात्र त्यांना जमला नाही. राहणी ऐटीची होती, कर्ज वाढत गेले आणि उतारवयात घरातल्या चीजवस्तू विकाव्या लागल्या. ज्या नजरेतून एक पुंकेसरही सुटला नाही, त्या नजरेला घरखर्चाची वही दिसली नाही. आम्ही हे त्यांना नावे ठेवण्यासाठी लिहीत नाही. एका गोष्टीत मन गुंतले की दुसरी नजरेआड होते, आणि तिची किंमत बहुधा घरची माणसे मोजतात. हे आपल्याही घरांत घडते, आणि धर्मगुरूंच्या बाबतीतही घडते.

काम मात्र त्यांनी शेवटपर्यंत सोडले नाही. जून १८४० मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, एक पांढरी लिली न्याहाळत असतानाच त्यांना झटका आला, असे सांगतात. त्यातच ते गेले.

लिलीला पाकळ्या सहा आणि पुंकेसरही सहाच. आज मिस्सा झाल्यावर वेदीजवळची फुले एकदा जवळून पाहा. आणि घरी गेल्यावर घरातल्या माणसांकडेही तसेच, सावकाश, पाहा.

आपले प्रमुख धर्मगुरू