फॉग लाइट लावताय? आधी ओहम साहेबांना भेटा!

गाडीला जादा लाइट लावायचे म्हटलं की आपण आधी वॅट बघतो. मी मात्र म्हणेन, आधी वायर बघा. का, हे २०० वर्षांपूर्वी एका शाळामास्तरांनी शोधून ठेवलंय.

जॉर्ज सायमन ओहम यांचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतल्या एर्लांगेन इथे झाला. वडील कुलपं बनवायचे. ते स्वतःच शिकलेले होते आणि मुलांनाही त्यांनी घरीच गणित शिकवलं. १८१७ मध्ये ओहम कलोनच्या शाळेत शिक्षक झाले आणि तिथल्याच प्रयोगशाळेत तारांवर प्रयोग करू लागले.

तेव्हाच्या बॅटरीचा करंट एकसारखा राहत नसे. मग त्यांनी तांबं आणि बिस्मथ जोडून एक सांधा उकळत्या पाण्यात, तर दुसरा बर्फात ठेवला. वीज स्थिर मिळाली. एकाच जाडीच्या, पण कमी-जास्त लांबीच्या तांब्याच्या तारा जोडून त्यांनी करंट मोजला. निष्कर्ष साधा होता: तार लांब तर रोध जास्त, तार जाड तर रोध कमी.

१८२७ मध्ये त्यांचं पुस्तक आलं, पण फारशी दाद मिळाली नाही. विद्यापीठात जागा मिळण्याची आशा फोल ठरली. कलोनची नोकरी सोडून त्यांनी काही वर्षं ओढाताणीत काढली. १८३३ मध्ये न्यूरेंबर्गला पुन्हा चांगली नोकरी मिळाली. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ली पदक दिलं. १८५२ मध्ये ते म्युनिकला भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि ६ जुलै १८५४ रोजी वारले. म्हणजे हवी ती खुर्ची मिळाली ती जेमतेम दोन वर्षं!

आता तुमच्या गाडीकडे वळू

५५ वॅटचे दोन हॅलोजन म्हणजे ११० वॅट. भागिले १२ व्होल्ट, म्हणजे सुमारे ९ अँपियर. जाऊन-येऊन ८ मीटर वायर धरा. ०.७५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत सुमारे १.७ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. लाइट मंद, वायर गरम. तीच वायर २.५ ची घेतली तर जेमतेम अर्धा व्होल्ट जातो.

हे ९ अँपियर डॅशबोर्डवरच्या छोट्या स्विचमधून नेऊ नका. मध्ये ३० अँपियरचा रिले टाका. मग स्विचला फक्त रिलेची कॉइल चालवायची असते, त्याला अर्ध्या अँपियरपेक्षाही कमी करंट पुरतो. आणि बॅटरीला अगदी लागून १५ अँपियरचा फ्यूज हवाच, कारण शॉर्ट झालं तर आधी तो उडला पाहिजे, वायर पेटायला नको.

दुकानात वायर घेताना आता नुसता रंग सांगू नका. जाडी आणि लांबी सांगा.