खंडाळ्याच्या रानवाटांवरचे फादर सांतापाव

प्रायश्चित्तकाळाच्या सुमारास, थंडी ओसरून उन्हाचा कडाका सुरू होण्याआधी, विश्रांतवाडी परिसरातील अनेक कुटुंबे एखाद्या सुट्टीच्या दिवशी लोणावळा-खंडाळ्याची वाट धरतात. दरीच्या काठावर उभे राहून छायाचित्रे काढली जातात, चिक्की विकत घेतली जाते आणि सायंकाळी सर्व जण घरी परततात. त्याच डोंगरावर एका येशूसंघीय धर्मगुरूने वर्षानुवर्षे पायी हिंडून तेथील झाडे, वेली व गवते यांची एक एक करून नोंद केली, हे आपल्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल. त्या फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव यांचा परिचय वाचकांस करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

फादरांचा जन्म ५ डिसेंबर १९०३ रोजी स्पेनमधील तारागोना प्रांतातील ला गालेरा या गावी झाला. येशूसंघात प्रवेश केल्यावर १९२८ साली ते भारतात आले. पुढे लंडन विद्यापीठाची वनस्पतिशास्त्रातील डॉक्टरेट त्यांनी संपादन केली, क्यू येथील जगप्रसिद्ध उद्यानातही अभ्यास केला आणि १९४० साली मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात अध्यापनास प्रारंभ केला. या महाविद्यालयाला वनस्पतिशास्त्राची परंपरा होतीच. स्वित्झर्लंडचे फादर एथेलबर्ट ब्लाटर यांनी तेथे वाळविलेल्या वनस्पतींचा मोठा संग्रह उभा केला होता. १९३४ साली ते निवर्तले. तो संग्रह आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो आणि त्याची धुरा पुढे सांतापाव यांच्याकडे आली.

मुंबईहून आगगाडीने खंडाळा गाठावे आणि दिवसभर रान तुडवावे, हा त्यांचा अनेक वर्षांचा क्रम. युरोपातील मनुष्य वसंत म्हटला की हिरवळीत उमललेली नाजूक फुले डोळ्यांपुढे आणतो. सह्याद्रीचा वसंत मात्र अगदी निराळा. फेब्रुवारी-मार्चमध्ये गवत वाळून पिवळे पडलेले असते, पायाखाली पाचोळा वाजतो, आणि फुले पाहायची तर मान वर करावी लागते. काटेसावर, पांगारा आणि पळस निष्पर्ण फांद्यांवर लाल-केशरी फुलांनी पेटलेले दिसतात. जरा खाली पाहावे तर अंजनीच्या फांद्यांना चिकटून आलेले निळ्या फुलांचे झुबके, करवंदीच्या जाळीवरील पांढरी फुले, दरडीवरची तांबडी धायटी आणि उन्हाळा चढू लागला की सुगंधी कुसर. तेरडा, सोनकी, सीतेची आसवे ही जमिनीलगतची रानफुले मात्र पावसाळ्यातच येतात. म्हणजे एकाच वाटेवरून मार्चमध्ये गेलेला आणि सप्टेंबरमध्ये गेलेला मनुष्य जणू दोन वेगळी राने पाहतो. खंडाळ्याची वनस्पती जाणायची तर तेथे पुनःपुन्हा जाण्यावाचून गत्यंतर नाही, आणि फादर पुनःपुन्हा गेले.

कारवीने तर याहून मोठी परीक्षा घेतली असेल. ही झुडपे साधारणतः सात-आठ वर्षे नुसती वाढत राहतात आणि मग एका वर्षी पावसाळ्याच्या उत्तरार्धात सारा उतार एकदम जांभळा होतो. बी पडले की झुडपे वाळून जातात. एक हंगाम चुकला की पुढचा बहर येईपर्यंत थांबणे आले. कारवी आणि अडुळसा ज्या कुळात मोडतात, त्या कुळाचा फादरांनी विशेष अभ्यास केला होता आणि कारवीच्या सामुदायिक बहरावरही त्यांनी लेखन केले.

हे काम डोंगर उतरल्यावर संपत नसे. आणलेली फांदी कागदांच्या घडीत दाबून ठेवायची, ओले झालेले कागद बदलत राहायचे, आणि फूल वाळल्यावर रंग उडतो म्हणून तो आधीच लिहून ठेवायचा. स्थळ व तारीख नसलेला नमुना अभ्यासकाच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी. त्यातच नव्या जातीचे वर्णन १९३५ पासून २०११ च्या अखेरीपर्यंत लॅटिनमध्ये करणे बंधनकारक होते. सेमिनरीत लॅटिन व्याकरणाशी झगडलेल्या आम्हां मंडळींना ही गोष्ट वाचून थोडे समाधान वाटते!

या परिश्रमांतून सिद्ध झालेला 'फ्लोरा ऑफ खंडाळा' हा ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध झाला. फादर त्यात भर घालीत राहिले आणि १९६७ साली तिसरी आवृत्ती निघाली. आपल्या पुणे जिल्ह्यातील पुरंदर किल्ल्याच्या वनस्पतींवरही त्यांचा स्वतंत्र ग्रंथ आहे. सर्वसामान्य वाचकांसाठी त्यांनी 'कॉमन ट्रीज' हे छोटे पुस्तक लिहिले. आमच्या मते शाळकरी मुलांच्या हाती द्यावे असे ते आहे.

१९५४ साली भारत सरकारने वनस्पती सर्वेक्षण संस्थेची पुनर्रचना हाती घेतली, तेव्हा मुख्य वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून फादरांना पाचारण करण्यात आले. पुढे त्यांनी संचालकपदही भूषविले. १८९० साली स्थापन झालेली ही संस्था तोवर निस्तेज झाली होती. याच पुनर्रचनेत १९५५ साली पुण्यात पश्चिम विभागाचे केंद्र सुरू झाले. कोरेगाव रस्त्यावरील हे केंद्र विश्रांतवाडीपासून फार दूर नाही, तरी आपल्यापैकी कितीजण तेथे डोकावले असतील याची शंकाच आहे. १९६७ साली फादरांना पद्मश्री देऊन गौरविण्यात आले. १३ जानेवारी १९७० रोजी त्यांना देवाज्ञा झाली.

त्यानंतर खंडाळा पुष्कळ बदलला. बंगले व हॉटेले वाढली, २००२ साली द्रुतगती महामार्ग पूर्ण झाला. बोगद्यांतून काही मिनिटांत घाट ओलांडणाऱ्यास पांगारा दिसलाच तर क्षणभर. कोणत्या उतारावर कोणते झाड उभे होते, हे आज सांगायचे तर माणसांच्या आठवणी अपुऱ्या पडतात. फादरांच्या ग्रंथात मात्र जातीमागून जात लिहिलेली आहे, आणि तेथून काय नाहीसे झाले हे शोधू पाहणाऱ्यास त्या यादीपासूनच आरंभ करावा लागतो. त्यांनी गोळा केलेले नमुने मुंबईत सेंट झेवियर्सच्या ब्लाटर संग्रहात, चिकटविलेल्या कागदांवर, जपून ठेवलेले आहेत.