Explained: मोतीबिंदू थेंबांनी थांबतो का? मिरजेचे डॉ. वानलेस आणि अजून न सुटलेला प्रश्न

सांगली-मिरज रस्त्यावरची वानलेसवाडी सर्वांना माहीत आहे. ती ज्यांच्या नावाने ओळखली जाते, ते सर विल्यम वानलेस मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांसाठी प्रसिद्ध होते. मोतीबिंदू होऊच नये यासाठीचे औषध मात्र त्यांच्याकडे नव्हते. आज तरी ते आहे का?

कोण होते डॉ. वानलेस?
जन्म १८६५, कॅनडा. न्यूयॉर्कमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन ते १८८९ मध्ये मिशनरी डॉक्टर म्हणून भारतात आले. सुरुवात सांगलीत केली, मग मिरजेत स्थिरावले. तेव्हा ही दोन्ही पटवर्धनांची संस्थाने होती. पुढे १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले.

१८९४ मध्ये मिरजेत मिशन हॉस्पिटल उभे राहिले. वानलेस यांनी स्थानिक तरुणांना वैद्यकीय शिक्षण दिले, क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभारले. १९३३ मध्ये त्यांचे निधन झाले.

तेव्हा उपचार कसे होत?
गावोगावी फिरणारे वैदू सुईने धूसर भिंग डोळ्यात मागे ढकलत. थोडे दिसू लागे, पण अनेकांचा डोळा कायमचा जाई. शल्यचिकित्सक हे भिंग बाहेर काढत. मात्र त्या जागी बसवायला कृत्रिम भिंग नव्हते. ते पहिल्यांदा १९४९ मध्ये लंडनमध्ये बसवले गेले. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर जाड काचांचा चष्मा लागे.

थेंबांची कल्पना कुठून आली?
भिंगातील प्रथिने जन्मभर जवळपास तीच राहतात. ऑक्सिडेशनमुळे ती बिघडून गुठळ्या होतात आणि भिंग धूसर होते. हे रोखणारे घटक म्हणजे अँटिऑक्सिडंट.

प्रयोगशाळेत उंदरांच्या पिल्लांना सोडियम सेलेनाइट टोचले की काही दिवसांतच मोतीबिंदू होतो. अशा काही प्रयोगांत अँटिऑक्सिडंट दिलेल्या प्राण्यांचे भिंग कमी धूसर झाले.

मग बाजारातले थेंब घ्यावेत का?
घाई नको. उंदरात मोतीबिंदू काही दिवसांत घडवला जातो, माणसात तो वर्षानुवर्षे वाढतो. शिवाय थेंबातले औषध बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यातून आत फारच कमी पोहोचते. दक्षिण भारतात पाच वर्षे अँटिऑक्सिडंट जीवनसत्त्वे तोंडावाटे देऊन पाहिली. मोतीबिंदूची वाढ थांबली नाही. एन-ॲसिटिलकार्नोसिन या थेंबांबाबतही २०१७ च्या कॉक्रेन आढाव्याला ठोस पुरावा आढळला नाही.

लक्षात काय ठेवायचे?
थेंबांच्या जाहिरातीवर विसंबून आजी-आजोबांची तपासणी लांबवू नका. मोतीबिंदूवर सिद्ध झालेला उपाय आजही वानलेस यांच्या काळातलाच आहे, शस्त्रक्रिया. फरक इतकाच, की आता आत कृत्रिम भिंग बसते आणि बहुतेक रुग्ण त्याच दिवशी घरी जातात.