एलिझाबेथ (ऑस्ट्रियाची सम्राज्ञी)

एलिझाबेथ (जन्म: २४ डिसेंबर, १८३७, म्युनिक, बव्हेरिया, मृत्यू: १० सप्टेंबर, १८९८, जिनिव्हा, स्वित्झर्लंड) ही ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ योझेफ पहिला याची पत्नी, ऑस्ट्रियाची सम्राज्ञी व हंगेरीची राणी होती. ती सिसी या घरगुती नावाने अधिक परिचित आहे. एकोणिसाव्या शतकातील युरोपात सर्वांत सुंदर राजस्त्रियांपैकी एक म्हणून तिची ख्याती होती. या ख्यातीने तिला दरबारात प्रतिष्ठा व काही काळ सत्ताही मिळवून दिली. मात्र तीच टिकवण्यासाठी आयुष्याचा मोठा भाग तिला स्वतःच्या देहावर पहारा देण्यात घालवावा लागला.

बालपण

एलिझाबेथ ही बव्हेरियाच्या राजघराण्याच्या धाकट्या शाखेतील ड्यूक माक्सिमिलियान व लुडोविका यांची कन्या. लुडोविका ही बव्हेरियाच्या राजाची मुलगी होती. माक्सिमिलियानकडे राज्यकारभाराची कोणतीही जबाबदारी नव्हती. त्याला प्रवास, सर्कशीतील घोडेस्वारी व झिथर हे तंतुवाद्य यांचा शौक होता. मुलांचे उन्हाळे स्टार्नबर्ग सरोवराकाठच्या पोसेनहोफेन येथील वाड्यात जात. तेथे एलिझाबेथला घोडेस्वारी, पोहणे व रानावनात भटकणे यांची गोडी लागली. दरबारी शिष्टाचाराचे शिक्षण तिला फारसे मिळाले नाही, कारण तिच्याकडून तशी अपेक्षाच नव्हती. मोठ्या घरात देण्यासाठी तयार केली जात होती ती तिची थोरली बहीण हेलेन.

विवाह

लुडोविकाची बहीण सोफी ही फ्रान्झ योझेफची आई होय. मुलासाठी भाचीच करून घ्यावी, असे तिच्या मनात होते. ऑगस्ट १८५३ मध्ये बाड इश्ल येथे सम्राटाच्या तेविसाव्या वाढदिवसाच्या निमित्ताने दोन्ही कुटुंबे एकत्र आली. हा एका अर्थी वधूपरीक्षेचाच कार्यक्रम होता आणि त्यात पाहावयाची मुलगी हेलेन होती. नात्यातील एका मृत्यूचे सुतक असल्याने मायलेकी काळ्या पोशाखात आल्या होत्या. तो रंग हेलेनला शोभला नाही, धाकट्या एलिझाबेथला मात्र खुलून दिसला, असे चरित्रकार नमूद करतात. सम्राटाने तिलाच पसंत केले आणि दोन दिवसांत वाङ्‌निश्चय जाहीर झाला. त्या वेळी ती पंधरा वर्षांची होती. एका दृष्टिक्षेपात एका बहिणीची निवड झाली व दुसरी नाकारली गेली. तिच्या पुढील साऱ्या आयुष्याची दिशा याच प्रसंगाने ठरली.

२४ एप्रिल, १८५४ रोजी व्हियेनातील ऑगस्टिनियन चर्चमध्ये विवाह झाला. मावशी आता सासू झाली होती. व्हियेनाच्या दरबारात नव्या सम्राज्ञीचे बोलणे, चालणे, पोशाख, इतकेच नव्हे तर दातांचा रंगही टीकेचा विषय झाला. पुढे ती लोकांत बोलताना ओठ जेमतेम उघडत असे, त्यामुळे तिचे बोलणे ऐकू येणे कठीण होई.

सोफी (१८५५) व गिझेला (१८५६) या दोन मुलींच्या संगोपनाची सूत्रे सासूने आपल्या हाती घेतली. १८५७ मध्ये हंगेरीच्या दौऱ्यात एलिझाबेथने मुलींना हट्टाने सोबत नेले. तेथे दोन्ही मुली आजारी पडल्या आणि थोरल्या सोफीचा बुडा येथे मृत्यू झाला. या आघातानंतर गिझेलाच्या संगोपनावरील हक्क तिने जवळजवळ सोडून दिला. १८५८ मध्ये युवराज रुडोल्फचा जन्म झाला. तोही आजीच्याच देखरेखीखाली वाढू लागला.

आजारपण व परतणे

१८६० च्या अखेरीस खोकला, अशक्तपणा व उपासांमुळे आलेली कृशता यांमुळे एलिझाबेथ हवापालटासाठी मदेरा बेटावर गेली. त्यानंतर कॉर्फू, व्हेनिस असा प्रवास करून ती १८६२ च्या उन्हाळ्यात व्हियेनास परतली. याच काळात तिने सुंदर स्त्रियांची छायाचित्रे जमवण्यास प्रारंभ केला. निरनिराळ्या देशांतील ऑस्ट्रियाच्या राजदूतांना अशी छायाचित्रे पाठवण्यास सांगण्यात आले; ऑटोमन राजधानीतील जनानखान्यातील स्त्रियांची छायाचित्रेही तिने मागवली होती. या संग्रहात राजघराण्यांतील स्त्रियांबरोबर अभिनेत्री, नर्तकी व सर्कशीत काम करणाऱ्या स्त्रियाही होत्या. सौंदर्यस्पर्धा युरोपात रूढ होण्यापूर्वीच्या काळातील ही एक खासगी स्पर्धाच म्हणता येईल. तिची परीक्षक स्वतः सम्राज्ञी होती आणि मनातल्या मनात तीच स्पर्धकही होती.

परतलेली एलिझाबेथ पूर्वीची बुजरी मुलगी राहिली नव्हती. १८६५ च्या सुमारास फ्रान्झ क्साव्हर विंटरहाल्टर या चित्रकाराने तिचे केसांत हिऱ्यांच्या चांदण्या माळलेले प्रसिद्ध चित्र रंगवले. तिची जगातील प्रतिमा आजही मुख्यतः याच चित्रावर उभी आहे. त्याच वर्षी तिने पतीपुढे लेखी मागणी ठेवली. मुलांचे शिक्षण आणि स्वतःचा निवास, परिवार व दिनक्रम यांबाबतचे सर्व निर्णय तिच्या हाती असावेत, अशी ती मागणी होती. युवराज रुडोल्फवर लष्करी शिस्तीच्या नावाखाली होणारे कठोर उपचार हे त्यामागील तातडीचे कारण होते. सम्राटाने मागणी मान्य केली, शिक्षक बदलला गेला. दरबारात ज्या रूपामुळे तिची पारख होत होती, त्याच रूपाचे वजन तिने मुलाच्या रक्षणासाठी वापरले.

हंगेरी

हंगेरियन भाषा एलिझाबेथने कष्टाने आत्मसात केली. ग्युला आंद्राशी व त्याच्या सहकाऱ्यांच्या मागण्यांना तिने पतीपुढे उघड पाठिंबा दिला. १८६७ च्या तडजोडीने ऑस्ट्रिया-हंगेरी हे दुहेरी राज्य अस्तित्वात आले. ८ जून, १८६७ रोजी फ्रान्झ योझेफ व एलिझाबेथ यांचा हंगेरीचे राजा-राणी म्हणून राज्याभिषेक झाला. गोडोलो येथील राजवाडा हंगेरीने त्यांना भेट दिला. १८६८ मध्ये बुडा येथे जन्मलेली मारी व्हालेरी ही धाकटी मुलगी मात्र तिने सर्वस्वी स्वतःच्या देखरेखीखाली वाढवली. एलिझाबेथच्या प्रत्यक्ष राजकीय कार्यातील हा सर्वांत महत्त्वाचा व जवळजवळ एकमेव टप्पा होय.

सौंदर्याची निगा

एलिझाबेथची उंची सुमारे १७२ सेंटिमीटर होती. आयुष्यभर तिचे वजन ५० किलोग्रॅमच्या आसपास व कंबरेचा घेर सुमारे ५० सेंटिमीटर राहिला. चार बाळंतपणांनंतरही हे प्रमाण टिकवण्यासाठी ती नियमित वजन करी आणि वाढ दिसताच आहार कमी करी. काही दिवस दूध, संत्री किंवा मांसाचा रस एवढ्यावरच निघत. कंबर आवळण्यासाठी ती घट्ट चोळीबंद वापरी. ते बांधण्यासच बराच वेळ लागे. व्हियेनातील होफबुर्ग राजवाड्यात तिने आपल्या दालनातच व्यायामाची साधने बसवून घेतली होती. सम्राज्ञीने कड्यांना लोंबकळून कसरत करणे त्या काळच्या दरबाराला धक्कादायक वाटले.

तिचे केस जवळजवळ घोट्यांपर्यंत पोहोचत. त्यांची निगा पाहण्यासाठी तिने फ्रान्झिस्का फायफालिक ही व्हियेनाच्या नाट्यगृहातील केशरचनाकार नेमली. रोजच्या वेणीफणीस दोन ते तीन तास लागत. याच वेळात एलिझाबेथ भाषांचे पाठ घेई. अंडी व कोन्याक यांच्या मिश्रणाने केस धुण्याच्या दिवशी इतर कोणतेही काम होत नसे. गळालेल्या केसांमुळे सम्राज्ञी अस्वस्थ होते, हे ठाऊक असल्याने फायफालिक ते गुपचूप लपवी. केसांच्या भाराने डोके दुखे, तेव्हा ते फितींनी वर टांगून ठेवावे लागत.

वयाच्या तिशीच्या सुरुवातीनंतर एलिझाबेथने छायाचित्रकारापुढे बसणे सोडून दिले. पुढील सुमारे तीस वर्षे ती लोकांत वावरताना पंखा, छत्री वा जाळीदार बुरखा यांआड चेहरा झाकी. परिणामी तिची प्रौढ वयातील छायाचित्रे अत्यंत दुर्मीळ आहेत आणि लोकांच्या स्मरणात ती तरुणच राहिली. आधुनिक लेखकांनी तिच्या उपासांचा संबंध आहारविषयक मानसिक विकाराशी जोडला आहे. मात्र हयात नसलेल्या व्यक्तीचे वैद्यकीय निदान निर्णायकपणे करता येत नाही.

प्रवास, लेखन व पुत्रशोक

१८७० च्या दशकात एलिझाबेथ युरोपातील उत्तम स्त्री घोडेस्वारांपैकी एक मानली जाई. इंग्लंड व आयर्लंड येथील कोल्ह्याच्या शिकारीत ती धाडसाने भाग घेत असे. पुढे घोडेस्वारी सुटली, तेव्हा तिने लांब पल्ल्याची पायपीट सुरू केली. तिच्या वेगाने चालताना सोबतच्या सरदारकन्या थकून जात. उतारवयात तिने प्राचीन व आधुनिक ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि कॉर्फू बेटावर अखिलीस या वीराच्या नावाने अखिलिऑन हा प्रासाद बांधला.

जर्मन कवी हाइनरिख हाइन हा तिचा आदर्श होता. १८८० च्या दशकात तिने विपुल कविता लिहिल्या. त्यांत राजघराणे, दरबारी मंडळी व स्वतःचे पद यांवर तीव्र उपरोध आढळतो. या कविता तिने मोहोरबंद करून स्वित्झर्लंडच्या स्वाधीन करण्याची आणि अनेक दशकांनंतरच उघडण्याची व्यवस्था केली. त्या १९८४ मध्ये इतिहासकार ब्रिगिटे हामान यांच्या संपादनाखाली प्रकाशित झाल्या. जिच्या रूपाची हजारो वर्णने लिहिली गेली, तिचे स्वतःचे म्हणणे वाचकांपर्यंत पोहोचण्यास तिच्या मृत्यूनंतर ८६ वर्षे लागली.

३० जानेवारी, १८८९ रोजी मायरलिंग येथे युवराज रुडोल्फ व त्याची प्रेयसी मारी व्हेत्सेरा मृतावस्थेत आढळले. त्यानंतर एलिझाबेथने बहुतांशी काळे कपडेच वापरले व उर्वरित आयुष्य भ्रमंतीत घालवले.

मृत्यू

सप्टेंबर १८९८ मध्ये एलिझाबेथ होहेनएम्सची काउंटेस या टोपणनावाने जिनिव्हा येथे उतरली होती. १० सप्टेंबर रोजी ती सखी इर्मा स्तारय हिच्यासह आगबोटीकडे पायी जात असताना लुइजी लुकेनी या इटालियन अराजकवाद्याने तिच्या छातीत धारदार केलेली कानस खुपसली. त्याला कोणा तरी राजघराण्यातील व्यक्तीस मारावयाचे होते. मूळ लक्ष्य दुसरेच होते. एलिझाबेथ खाली पडली, पुन्हा उठली व चालत बोटीवर गेली. घट्ट आवळलेल्या चोळीबंदामुळे जखमेतून रक्तस्राव सावकाश झाला असावा, असे मानले जाते. तिला घेरी आल्यावर चोळीबंद सैल करण्यात आला, तेव्हा जखम लक्षात आली. बोट मागे वळवून तिला हॉटेलात नेण्यात आले व तेथे तिचा मृत्यू झाला. व्हियेनातील कापुचिन तळघरात तिचे दफन झाले.

प्रतिमा व वारसा

हयातीत व्हियेनात फारशी लोकप्रिय नसलेली एलिझाबेथ मृत्यूनंतर दंतकथा बनली. एर्न्स्ट मारिश्का दिग्दर्शित व रोमी श्नायडर अभिनीत तीन चित्रपटांनी (१९५५ ते १९५७) तिची गोड, आनंदी राजकन्या ही प्रतिमा जगभर पोहोचवली. ब्रिगिटे हामान यांच्या चरित्राने १९८० च्या दशकात या प्रतिमेस छेद दिला. २००४ मध्ये होफबुर्ग येथे तिच्या नावाचे संग्रहालय सुरू झाले.

तिच्या मृत्यूनंतर २३ वर्षांनी, १९२१ मध्ये, अमेरिकेतील अटलांटिक सिटी येथे पुढे मिस अमेरिका या नावाने ओळखली गेलेली स्पर्धा भरली. उंची, वजन व कंबरेचा घेर यांवरून स्त्रीची ओळख ठरवण्याची रीत पुढे वृत्तपत्रांतून सर्वसामान्य झाली. एलिझाबेथच्या चरित्रांतही हेच आकडे आजवर आवर्जून दिले जातात. तिच्या भाषाभ्यासाचा, कवितांचा व हंगेरीविषयक कार्याचा उल्लेख मात्र बहुधा त्यांनंतर येतो.