दोगेन : एका अक्षरापाशी थांबलेला भिक्खू

जपानी लोक चिनी अक्षरे वापरतात. अक्षर तेच, पण वाचायच्या रीती दोन-तीन, आणि कधी कधी रीतीबरोबर अर्थही बदलतो. आपल्याला ही गंमत वाटेल. झेन परंपरेतला सोतो पंथ जपानमध्ये रुजवणाऱ्या दोगेन यांच्यासाठी मात्र हा धम्माचाच प्रश्न होता.

त्यांचा जन्म १२०० साली, क्योतोच्या सरदार घराण्यात. आई लहानपणीच वारली. १२१३ मध्ये त्यांनी हिएई पर्वतावर दीक्षा घेतली. तिथली शिकवण अशी की, सर्व जीवांकडे बुद्धधातू आहे. मग साधना कशाला? या पोराच्या शंकेला समाधानकारक उत्तर मिळाले नाही. १२२३ मध्ये ते चीनला गेले.

जहाज बंदरात असतानाच एका विहाराचा म्हातारा स्वयंपाकी भिक्खू अळंबी घ्यायला आला. या वयात चुलीपाशी कशाला राबता, ग्रंथ का वाचत नाही, असे दोगेननी विचारले. म्हातारा हसला. अक्षर म्हणजे काय हेच तुम्हाला कळले नाही, असे सुनावून तो उद्याच्या जेवणाच्या तयारीसाठी परत गेला. हे दोगेन आयुष्यभर विसरले नाहीत. १२३७ मध्ये त्यांनी विहाराच्या स्वयंपाक्यावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला.

१२२७ ला परतल्यावर ते जपानीतून लिहू लागले. सूत्रातल्या त्या वाक्यात एक अक्षर आहे : 'उ'. जपानी वळणाने तेच 'आरु'. अर्थ दोन, जवळ असणे आणि नुसते असणे. (आपल्या मराठीतही 'मला दोन बहिणी आहेत' म्हणताना 'असणे'च वापरतो.) दोगेननी दुसरा अर्थ धरला. बुद्धधातू ही कोणाजवळची वस्तू नव्हे, सगळे असणेच बुद्धधातू. हेच अक्षर 'वेळ'च्या अक्षराला जोडून 'आरु तोकी' वाचले तर 'एके वेळी'. 'उजी' वाचले तर दोगेनच्या लेखी असणे हीच वेळ.

१२४० च्या एका लेखात त्यांनी स्त्रियांना पवित्र स्थळी बंदी घालणाऱ्यांची हजेरी घेतली. १२४४ मध्ये डोंगरात विहार उभारला, तोच आजचा एइहेइजी. १२५३ मध्ये त्यांचे निधन झाले.

पुढे त्यांच्याच पंथासह अनेक पंथांच्या भिक्षूंनी जपानमधल्या बहिष्कृत बुराकु समाजाच्या मृतांना अशी धम्मनावे दिली, की अक्षरे जोडून वाचली तर 'जनावर' असा अर्थ निघावा. ती थडग्यांवर कोरली गेली. १९७९ मध्ये सोतो पंथाच्या प्रतिनिधीने जागतिक धर्मपरिषदेत, जपानमध्ये असा भेदभाव नाही, असे सांगितले. ते त्यांना नंतर मागे घ्यावे लागले.